परमिट

यवतमाळच्या डॉक्टरनं याहीले कागदावर घड्याळ काढाले लावलं.
गोल आला चांगला. आकडे मात्र सगळे एका अंगाले,
बांधावरच्या सावलीत मजूर बसतेत तसे.
मंग तीन शब्द देल्ले, आरसा, कुदळ, लिंबू.
पाच मिनिटांनी इचारलं तं हे म्हणे,
"लिंबू कोणाच्या बगीच्यातला?"

डॉक्टर हासला नाई.
"मेंदूले रोज काम द्या, आजी.
पेपरातली कोडी द्या. जुनं काही पाठ असन तं म्हणून घ्या."

कोड्याच्या चौकटीत याहीनं सगळीकडे
अकरा भरलं. अकरा, अकरा, अकरा.
नातू म्हणे, आबा, एका घरात एकच आकडा बसते.
हे म्हणे, "अकरा केव्हीची लाइन हाये. तुले काय समजते?"

तवा मले सुचलं.
एकतीस वर्षं लाइनमन होते हे.
सबस्टेशनपासून आमच्या गावापर्यंत बासष्ट पोल.
म्हटलं, चला, आज लाइन पाहून येऊ.
रातच्याले, जेवण झाल्यावर, खाटेवर बसल्याबसल्या.

"पहिले सप्लाय बंद कर," हे म्हणे.
"परमिट घेतल्याबिगर पोलवर चढाचं नाई."
मी उठून खोलीतला लाइट बंद केला.
अंधारात आवाज एकदम तरणा झाला याहीचा.

चार नंबर ढोक्याच्या संत्र्यात,
स्टेच्या तारेले त्याची बायको बकरी बांधते, कितीदा सांगतलं.
नऊ नाल्यात, पुरानं वाकवला, तसाच वाकडा.
चौदाले डीपी. फ्यूजच्या जागी तार कोंबते उद्धव काळमेघ,
अन् वरून चहा पाजते.
एकवीसवर कावळ्यानं तारेच्या तुकड्यांचं घर केलं होतं,
पिल्लं उडेपर्यंत याहीनं साहेबाचा कागद खिशातच ठेवला.

सव्वीस.
सव्वीसवर हे थांबतेत.
तिथी वसंता डाखोरे चढला होता
अन् तिकडून कोणतरी बटण टाकलं.
"वसंता उतरला का म्हणून
कोणी इचारलंच नाई."

असं रोज. बासष्ट झाले की हे म्हणाचे,
"उतरलो. टाक सप्लाय."
मंग मी लाइट लावाची, गोळी द्याची, पाणी द्याची.

पोळ्याच्या टायमाले सतरा गेला.
दिवाळीत एकतीस ते चौतीस, आख्खी पऱ्हाटीची वावरं.
मी हळूच म्हणाची, "सतरा राह्यला नं, कडुनिंबाखालचा."
"हो हो. फांदी छाटा लागते त्याची."
मी ती लाइन कधी पाह्यली नाई.
माह्या माहेरची वाट दुसऱ्या अंगानं.
पण तुरीत निंदता निंदता
पोल चालत येतेत आता माह्याकडे, एकामागं एक,
अन् बाया म्हणतेत, काकू, काय पुटपुटतं वं?

संक्रांतीनंतर परत नेलं.
घड्याळात आकडेच नाई टाकले याहीनं,
एक लंबी रेघ मारली, अन् तिच्यावर उभ्या काड्या.
डॉक्टर कागद पाहत राह्यला.
माह्या तोंडून असंच निंगालं,
"आरसा, कुदळ, लिंबू."
परीक्षा याहीची, अन् पास झाली मी.
बसमध्ये येताना लाज वाटली त्याची.
खिडकीतून पाह्यलं तं रस्त्यानं नवे सिमेंटचे पोल,
त्याच्यावर दुसरेच नंबर.
म्या याहीले सांगतलं नाई.

काल सदतीसवर आवाज बारीक झाला.
अडतीस मी म्हटला. एकोणचाळीसबी मीच.
मंग नुसता श्वास आला, झोपेतला, सरळ.

बसून राह्यली मी. किती वेळ, काय माईत.
बाहेर कुत्रं भुकलं, टाकीचं पाणी भरून सांडलं.
नातू आला दारात.
"आजी, अंधारात काहून बसली?"
अन् हात गेला त्याचा बटणाकडे.

"थांब," म्हटलं मी.
"आबा वर हायेत."